घाटात बंद पडणारी मोटार



परवा या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, काल अर्थसंकल्पावर झाले. आणि आज आम्ही मोटारगाडी गरम झाल्यावर का बंद पडते यावर बोलणार आहोत. चालकांनी आमच्याकडे कामगार चळवळीवरचे व्याख्यान मागितले होते. आम्ही त्यांना म्हटले की चळवळीवर बोलायला आमच्यापेक्षा मोठी माणसे पुष्कळ आहेत. आम्हांला एका फियाटवर बोलू द्या. ते हसले, आणि त्यांनी होकार दिला. त्या हसण्यात थोडी काळजीही होती, हे आम्हांला दिसले.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते जिनिंगच्या आवारात, ट्रकांच्या अड्ड्यावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. मोटारीचे ज्ञान मात्र आम्ही हौसेने मिळवले नाही. एका माणसाची नोकरी जात होती आणि ती आमच्याच चुकीने जात होती, म्हणून ते मिळवावे लागले.

गोष्ट १९९६ सालच्या उन्हाळ्यातली. आपल्या जिल्ह्यातल्या एका संस्थेकडे पद्मिनी गाडी होती. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. गाडी कोणती ते तुम्हां वयस्क मंडळींना सांगायला नको. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ही गाडी तयार होई. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले, तरी लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन, गिअरचा दांडा स्टेअरिंगला लागून, आणि बॉनेट उघडले की आतले प्रत्येक अंग हाताला लागेल इतकी मोकळी जागा. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले तर वर प्लॅस्टिकचे झाकण दिसते. माणसाने बघू नये अशीच व्यवस्था!

या गाडीवर जे चालक होते त्यांना सगळे काका म्हणत. आम्हीही काकाच म्हणतो. काकांचे काम म्हणजे मलकापूर स्टेशनवर पाहुणे उतरले की त्यांना बुलढाण्याला आणायचे. बुलढाण्याला रेल्वे नाही. मुंबई-नागपूर मार्गावरचे मलकापूर गाठावे लागते. मधे मोताळा, आणि मोताळ्यानंतर राजूरचा घाट. मलकापूर खाली पूर्णेच्या खोऱ्यात, बुलढाणा वर अजिंठ्याच्या डोंगरावर. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या गाडीने आलेले चार पाहुणे, त्यांच्या ट्रंका, आणि घाटात दुसऱ्या गिअरवर कण्हत चढणारी ती फियाट. इंजिन जोरात फिरते, पण गाडी हळू चालते; पुढून वारा येत नाही, पंखा जे ओढेल तेवढेच. अशा वेळी गाडी दोन आचके देई आणि बंद पडे. सेल्फ मारला की इंजिन फिरे, पण धरत नसे. पाऊण तास झाडाखाली बसावे, मग एका सेल्फमध्ये सुरू!

बुलढाण्याला पोचल्यावर गाडी गॅरेजला जाई. मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी बघे. बुलढाण्याची हवा थंड, सकाळची वेळ, रात्रभर निवलेले इंजिन; गाडी गुणी मुलासारखी सुरू होई. मिस्त्री लिहून देई: दोष नाही. असे चार-पाच वेळा झाल्यावर संस्थेच्या कचेरीतल्या मंडळींनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या दृष्टीने सरळ होता. गाडीत दोष नाही, अर्थात दोष माणसात. त्यात पेट्रोलचा हिशेबही जुळेना. लिटरमागे किलोमीटर कमी पडू लागले होते. काका मुद्दाम गाडी थांबवतात आणि पेट्रोल काढतात, असा संशय आला. आधी दंड झाला, तो पगारातून कापला गेला.

काका आमच्याकडे आले. खुर्चीवर बसायला तयार होईनात. म्हणाले, “भाऊ, म्या एक थेंब पेट्रोल कहाडलं नाही. पन हे गाडी मले बेइमान ठरवून रायली.”

आता आमची चूक ऐका. त्या काळी घाटात गाडी बंद पडली की सगळ्यांच्या तोंडी एकच निदान असे: पेट्रोल गरम झाले, व्हेपर लॉक झाला. ही गोष्ट खोटी नव्हे. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातला हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतो. या गाड्यांचा पंप, ज्याला मिस्त्री लोक ए.सी. पंप म्हणतात, इंजिनलाच चिकटलेला असतो. तो तापला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पंप पेट्रोलाऐवजी वाफ चावत बसतो. मग लोक पंपावर ओले फडके टाकतात, पाणी ओततात. अर्ध्या-पाऊण तासाने गाडी सुरू होते आणि श्रेय फडक्याला मिळते. गाडी तेवढ्या वेळात फडक्याशिवायही सुरू झाली असती काय, हे कोणी विचारत नाही.

आम्हीही विचारले नाही. काकांच्या वतीने आम्ही ऐटीत लेखी खुलासा दिला की गाडीला व्हेपर लॉकचा विकार आहे, चालकाचा दोष नाही, पेट्रोलच्या नळीला उष्णतेपासून आडोसा करावा. संस्थेने कळवले, करून घ्या. काकांनी स्वतःच्या पैशाने नळीला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून घेतली. (ती दोरी आज कोणी वापरू नये, तिची धूळ फुप्फुसाला घातक आहे.) पाचव्या दिवशी गाडी पुन्हा राजूरच्या घाटात बंद पडली, तीही संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याला घेऊन. दुसऱ्या दिवशी काका निलंबित झाले. आदेशात स्पष्ट लिहिले होते की चालकाने दिलेला तांत्रिक खुलासा खोटा ठरला आहे. खुलासा चालकाचा नव्हता, आमचा होता. निम्म्या पगारावर घरी बसलेल्या माणसाच्या ओसरीवर जाऊन हे कबूल करताना काय वाटते ते आम्ही सांगत नाही.

मग आम्ही जे आधी करायला हवे होते ते केले. काकांचे लॉगबुक मागवले. काकांचे अक्षर वाईट, पण सवय चांगली. गाडी जिथे बंद पडली तिथे वेळ आणि जागा लिहिलेली. अशा अकरा नोंदी होत्या. त्या एका कागदावर उतरवून आम्ही रात्री कंदिलापुढे बसलो. वीज नेहमीप्रमाणे गेलेली होती. अकराही नोंदी दुपारी बारानंतरच्या. अकराही चढताना, उतरताना एकही नाही. डिसेंबर-जानेवारीत एकही नाही. आणि तीन नोंदी घाटातल्या नव्हेतच, त्या मोताळ्याच्या होत्या: चहासाठी गाडी थांबवली, इंजिन बंद केले, दहा मिनिटांनी सुरू होईना.

या तीन नोंदींनी आम्हांला गोंधळात टाकले. थांबल्यावर इंजिन निवायला हवे, मग दहा मिनिटांनी आजार वाढला कसा? तेव्हा आम्ही मलकापूरच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “चुलीवरून तवा उतरवला की लगेच हात लावता काय?” इंजिन चालू असते तोवर पाणी फिरते, पंखा फिरतो, उष्णता वाहून जाते. बंद केले की दोन्ही थांबतात, पण लोखंड तापलेलेच असते. ती उष्णता वर येते, आणि बॉनेटखालची हवा पुढची दहा-पंधरा मिनिटे उलट जास्त तापते. मग हळूहळू निवते. म्हणून पंप, कार्बोरेटर, कॉइल या सगळ्यांना सर्वांत मोठा चटका बसतो तो गाडी थांबल्यानंतर.

पुढे त्यांनी जे सांगितले ते आम्ही आजतागायत विसरलो नाही. गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत जे दिसेल तेवढेच खरे. पाऊण तासाने जी गाडी तुमच्यापुढे उभी असते ती वेगळी गाडी. इंजिनला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. हवा कुठे जात नाही. राहिले पेट्रोल आणि ठिणगी. त्यांतले कोण गैरहजर आहे ते तिथेच, तापल्या अंगाने बघायचे. पेट्रोलसाठी एअर क्लीनर काढावा, कार्बोरेटरच्या घशात बघत अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढावा. आत पेट्रोलची चिळकांडी उडाली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे, व्हेपर लॉकची गोष्ट संपली. घसा ओला आणि वास भपकन येत असेल तर उलटा विकार, पेट्रोल जास्त झाले आहे. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, पंप करू नये, आणि सेल्फ मारावा. हे आटोपून एअर क्लीनर जागेवर बसवल्यावर, सांडलेले पेट्रोल पुसल्यावर आणि वास गेल्यावरच ठिणगी बघायची. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून, कोरड्या कापडाने किंवा रबरी पकडीने धरून, तिचे टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवावे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. पिवळी, मलूल असेल तर विकार. नसेल तर विकार सापडलाच.

चौकशी सुरू झाली. चौकशी अधिकारी सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सकाळी दहाला संस्थेच्या अंगणात गाडीची पाहणी केली. ती सुरू झाली, दहा मिनिटे चालली. ते लिहू लागले तेव्हा आम्ही हरकत घेतली. आम्ही म्हटले, साहेब, हिवतापाचा रोगी ताप उतरल्यावर तपासला तर त्याला खोटे ठरवाल काय? पाहणी करायची तर मलकापूरहून करा, दुपारी दोनला करा, चार माणसे बसवून करा. आणि काकांना गाडीला हात लावू देऊ नका. संस्थेच्या कारकुनांना गाडी येते, ती त्यांनीच चालवावी. ही शेवटची सूचना ऐकून अधिकारी चमकले, आणि बहुधा तिच्यामुळेच त्यांनी मान्यता दिली.

मे महिन्यातला तो दिवस. कारकून चालवत होते, शेजारी चौकशी अधिकारी, मागे आम्ही, काका आणि वृद्ध मिस्त्री दाटीने. मोताळा गेले. घाट लागला. तुम्हांला खरे सांगतो, गाडी बंद पडावी म्हणून आम्ही मनात जी प्रार्थना केली तशी परीक्षेच्या वेळीही केली नव्हती. पहिले वळण झाले, दुसरे झाले. आणि गाडीने दोन आचके दिले. काका डोळे मिटून बसले होते.

मिस्त्रींनी आधी चाकांमागे दगड लावायला सांगितले. मग पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून कान लावला. मग एअर क्लीनर काढला, दांडा ओढला. चिळकांडी उडाली, स्वच्छ. अधिकाऱ्यांना बोलावून दाखवली. आमच्या लेखी खुलाशाचा निकाल तिथेच लागला. क्लीनर परत बसवला, पुसापुशी झाली, आणि जाड वायर धरून सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. काहीच नाही.

आता कॉइल की कंडेन्सर? येथे थोडे शास्त्र सांगावे लागेल. बॅटरीच्या बारा व्होल्टांतून प्लगसाठी हजारो व्होल्ट काढण्याची ही पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बसवली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत ती आली. त्यांच्या डेटन गावच्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे डेल्को. आपले मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला अजून डेल्को म्हणतात, ते याच नावाने. ओहायोतल्या कंपनीचे नाव मलकापूरच्या गॅरेजात असे रुळले आहे. असो. कॉइलमधून प्रवाह वाहतो. डेल्कोतले पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात मोठा दाब उत्पन्न होतो. पण प्रवाह सहजासहजी तुटायला तयार नसतो, तो उघडलेल्या पॉइंटांमधून उडी मारू पाहतो. ती उडी झेलायला कंडेन्सर असतो: करंगळीच्या पेराएवढी डबी, आत धातूच्या दोन पातळ पट्ट्या आणि मधे कागद, गुंडाळलेल्या. हा कागद जुना झाला की थंडपणी ठीक असतो आणि तापला की फुटतो. मग पॉइंट उघडले तरी प्रवाह कंडेन्सरमधून लोखंडात पळतो. प्रवाह तुटतच नाही, आणि तुटला नाही तर ठिणगी कुठली?

मिस्त्रींनी डेल्कोचे टोपण काढले, पॉइंटांमध्ये पोस्टकार्डाचा तुकडा घालून ते उघडे ठेवले, इग्निशन चालू केले. एक छोटा बल्ब घेतला. एक वायर पॉइंटकडे येणाऱ्या तारेला, दुसरी लोखंडाला. बल्ब लागायला हवा होता. लागला नाही. त्यांनी कंडेन्सरची तार सोडवली, बल्ब लागला. पुन्हा जोडली, विझला. सोडवली, लागला. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, पुन्हा करा. पुन्हा केले.

खिशातला नवा कंडेन्सर मिस्त्रींनी बसवला. एका सेल्फमध्ये गाडी सुरू झाली. कारकून म्हणाले, “एवढ्या वेळात गाडी निवली असेल.” आम्हांला राग आला, पण शंका रास्त होती, फडक्याबद्दल हीच शंका आम्हांला आली नव्हती म्हणून तर काका निलंबित झाले होते. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी नवा काढला, जुना परत लावला. सेल्फ, सेल्फ, सेल्फ. गाडी मुकी. पुन्हा नवा लावला, सुरू. एवढे सगळे वीस मिनिटांत झाले, आणि नेहमीचा पाऊण तास अजून उलटायचा होता. काका या सबंध वेळात रस्त्याच्या कठड्यावर बसून होते, हात मांडीवर, जणू गाडीला हात लावल्याचा आरोप हवेतूनही येईल.

पेट्रोलच्या हिशेबाचेही काही अंशी उत्तर यात मिळाले. कंडेन्सर मरण्याआधी बरेच दिवस आजारी होता. ठिणगी मलूल असली की पेट्रोल पुरते जळत नाही, आणि घाटात सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर पंप केला की आणखी वाया जाते. मिस्त्रींनी काढलेले पॉइंट काळे पडून खड्डे पडलेले होते, तेही आम्ही पुराव्यात दिले. काका कामावर परत आले. निलंबन काळातला उरलेला पगार मिळायला दीड वर्ष लागले. दंडाची रक्कम मिळालीच नाही. ती “सहानुभूतीने विचाराधीन” राहिली. ज्या वस्तूपायी हे सगळे झाले ती वस्तू चार माणसांच्या चहा-फराळाच्या खर्चात येत होती.

मिस्त्रींनी टाकीच्या झाकणाला कान का लावला, हे राहिले. खामगावकडच्या एका अँबॅसिडरचा तो किस्सा त्यांनी आम्हांला परतताना सांगितला. तीही दहा-पंधरा मैल गेली की थांबे आणि अर्ध्या तासाने चाले. मालकाने कॉइल बदलली, पंप बदलला, कार्बोरेटर बदलला, सगळे एकदमच. पण ती हिवाळ्यातही थांबे, आणि टाकी भरलेली असताना लवकर थांबे. हा उष्णतेचा रोग नव्हेच. मूळ झाकण हरवल्यावर मालकाने बिनछिद्राचे झाकण बसवले होते. पेट्रोल बाहेर जाते, आत हवा येत नाही, टाकीत पोकळी होते आणि पंप हरतो. भरल्या टाकीत वरची हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. झाकण सैल करताच सुस्कारा ऐकू आला. टाकीतला गंजही असाच फसवतो. नळीच्या तोंडाशी ओढला जातो, गाडी थांबली की खाली बसतो, आणि लोकांना वाटते इंजिन निवले.

आज ही विद्या कोणाच्या उपयोगी, असे तुम्ही विचाराल. पद्मिनीचे उत्पादन शतक पालटताना थांबले. अँबॅसिडरचे २०१४ साली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेली. पण या सभागृहातल्या कोणाच्या तरी वाड्यात वडिलांची फियाट ताडपत्रीखाली आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २०२५ पासून देशभर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. जुन्या पंपाचे रबरी पडदे आणि नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, चिरतात. तेव्हा आधी नळ्या बदला. आणि नव्या गाडीवाल्यांनी हसू नये. तुमच्या गाडीत पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही, पण क्रँकजवळ एक सेन्सर आहे, आणि जुना झाला की तोही तापल्यावर मुका होतो व निवल्यावर बोलतो. सर्व्हिस सेंटरात सकाळी गाडी गेली की तिथला संगणकही पुष्कळदा लिहून देतो: दोष नाही. तुमचा चालक मात्र सांगत असतो की साहेब, ही दुपारी बंद पडते.

काका निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांना आम्ही आज येण्याचा आग्रह केला होता, पण ते म्हणाले, त्या गाडीचे नाव काढले की मले अजून घाम फुटते.

आमची वेळ संपत आली असे अध्यक्षमहाराज खुणावत आहेत. प्रश्न असतील तर सभेनंतर बाहेर विचारा. आणि आज उष्मा फार आहे. कोणाची गाडी सुरू झाली नाही तर आम्हांला तिथल्या तिथे हाक मारा, निवेपर्यंत थांबू नका, आणि कृपा करून पंपावर पाणी ओतू नका.